लाईट गेल्यावरची गाणी

आज दुपारी लाईट गेली आणि माझा घसा आपोआप सावध झाला. पाठ ताठ झाली, दोन घोट पाणी प्यावंसं वाटलं. कणकेचे हात तसेच घेऊन मी दारापर्यंत पोचलेसुद्धा, आणि मग आठवलं की आता कुठेही धावायचं नाहीये. गल्लीत कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "लाईट चालली गेली व माय!" त्या बिचारीचा काय दोष, पण मला तिचा असा राग आला, जणू ती मला चिडवायलाच ओरडली होती.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. बऱ्हाणपूरच्या आमच्या राजपुऱ्यात घराघरांत पॉवरलूम आहेत. सकाळी सुरू झालेली त्यांची खटाखट दिवस मावळला तरी थांबत नाही. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवतात आणि विचारतात, "तुम्ही या आवाजात राहता कसे?" आम्ही उलट विचारतो, "कुठल्या आवाजात?" खरंच सांगते, आम्हाला तो ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो बंद पडल्यावर. लाईट जाते, सगळे लूम जागच्या जागी थबकतात आणि मग लक्षात येतं की आपण मघापासून ओरडून बोलतोय. चिमण्या ऐकू येतात. पलीकडच्या घरातले म्हातारबुवा खोकतात ते ऐकू येतं. आई माळ्यावर, म्हणजे आमच्या गच्चीवर, एकटीच स्वतःशी काय बोलते तेही ऐकू येतं, आणि त्यात बहुतेक वेळा विषय मीच असते.

या शांततेत आम्ही गेल्या मे महिन्यात एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. रॉक बँडचा अल्बम, बऱ्हाणपुरात, केळी पिकवायच्या खोलीत. हसायचं असेल तर हसून घ्या. सगळे हसले होते, आणि त्या वेळी आम्हालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

बँड म्हणजे काय, तर चार माणसं. पंकज गिटार वाजवायचा. माझा धाकटा भाऊ भूषण ड्रमवर. धूलकोटचा राहुल बास वाजवायचा, आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बांधलेली ती गिटार बघून रस्त्यातले लोक त्याला काय समजायचे देव जाणे. आणि मी, एका खाजगी हिंदी शाळेत विज्ञान शिकवणारी, लग्नाचं वय उलटून गेल्याचं सगळ्या नातेवाइकांनी मान्य केलेली बाई, गायची आणि गाणी लिहायची. पोरं मला ताई म्हणत. राहुल मॅडम म्हणायचा, कारण त्याच्या धाकट्या बहिणीला मी शिकवलंय.

पंकजचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. त्यांची तापीकाठी केळीची बाग आहे. घरामागे त्याच्या बाबांनी फार पूर्वी केळी पिकवायला एक खोली बांधली होती, गारवा धरून ठेवायला भिंतींना थर्माकोलचे जाड थर, कोल्ड स्टोरेजला असतो तसा जड दरवाजा. मग त्यांनी हायवेवर मोठे चेंबर बांधले आणि ही खोली रिकामी पडली. पंकज एकदा आत उभा राहून टाळी वाजवत होता. पुनःपुन्हा वाजवत होता. मी म्हटलं, "काय झालं तुला?" तर तो म्हणाला, "ताई, ऐका नं. टाळी परत येत नाही." खरंच येत नव्हती. टाळी वाजली की जिथल्या तिथे विझायची. त्याला तेव्हा जे सापडलं होतं त्याचा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलाय, आणि आज मला तो पंकज खोटा होता असं म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे.

उरलेल्या उघड्या भिंतीवर आम्ही शेतातल्या कापसाची भरलेली पोती टांगली. त्यावर आईच्या गोधड्या. रॉकसाठी पाहिजेत म्हटलं असतं तर आईने एकही दिली नसती, म्हणून पंकजकडे लग्नाचे पाहुणे उतरलेत असं सांगितलं. एक लॅपटॉप, सगळ्या वायरी ज्यात येऊन घुसतात तो एक डबा, माईक, त्यांचे स्टँड. झाला स्टुडिओ. खोलीचा पिकल्या केळीचा वास मात्र कशानेच गेला नाही. श्वास घेतला की तो आधी जिभेवर यायचा. अजूनही फळवाल्याच्या गाडीजवळून जाताना मला एखाद्या गाण्याचं धृपद आठवतं आणि मी पावलं भराभर उचलते.

पण पहिल्याच दिवशी माशी शिंकली. हवेतून आत काही येत नव्हतं, पण जमिनीतून येत होतं. लूमची धडधड फरशीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माईकमध्ये. माझं हळुवार गाणं लावून ऐकलं तर मागून कुणीतरी सतत दार ठोठावतंय. रबर घातलं, गादी घातली, विटा घातल्या. पंकज फरशीला कान लावून पालथा पडला. शेवटी भूषण म्हणाला, "लाईट गेल्यावर करू नं." आम्ही त्याला वेड्यात काढलं. लाईट गेल्यावर लॅपटॉप काय हवेवर चालणार? तर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "इन्व्हर्टरवर. लूम त् इन्व्हर्टरवर नाही चालत."

हे जगात फक्त आमच्याच गल्लीतल्या माणसाला सुचू शकतं. सगळं गाव लाईट यायची वाट बघतं, आम्ही जायची बघू लागलो. पावसाळ्याआधीची तारांची कामं मे महिन्यात निघतात. सकाळी पेपरात बातमी असायची की मेंटेनन्ससाठी अमुक भागात वीज बंद राहील. त्यात राजपुऱ्याचं नाव दिसलं की पंकज मिठाई वाटायचाच बाकी. राहुल अशा दिवशी धूलकोटहून सकाळीच येऊन बसायचा. पण खरी गंमत न सांगता गेलेल्या लाईटची. वरणाला फोडणी टाकता टाकता पंखा मंदावायचा, लूम थांबायचे, आणि मी गॅस बंद करून ओढणी सावरत गल्लीतून पळत सुटायचे. समोरून भूषण कुठूनतरी पळत यायचा. पहिल्या पहिल्यांदा बायका घाबरून विचारायच्या, "काय झालं व? कोन गेलं?" मग त्यांनाही सवय झाली. लाईट गेली की एक म्हातारी ओट्यावरून मलाच ओरडून सांगायची, "गेली व गेली! पळ!"

इन्व्हर्टर गुणगुणायचा म्हणून तो बाहेर कडुनिंबाखाली ठेवलेला, लांब वायर दाराच्या फटीतून आत. दार लावलं की पंखा नाही, खिडकी नाही, मे महिना. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसायला हात हलवला तर माईकमध्ये बांगडी वाजायची, म्हणून मी बांगड्या काढून ठेवू लागले, तर आईने त्यावरून वेगळंच महाभारत केलं. भूषण उघड्या अंगाने ड्रम वाजवायचा. आई माळ्यावर पापडासारखे बिबडे वाळत घालायची, त्यातले अर्धे ओले मी डब्यात घालून आणायचे, आणि एक टेक झाला की दार उघडून आम्ही कडुनिंबाखाली बसून ते ज्वारीचे मऊ, तिखट बिबडे खायचो. इतकं घामेजलेलं, दमलेलं आणि सुखी असं माझं शरीर मला त्यानंतर पुन्हा सापडलं नाही.

वेळ थोडा, बॅटरी त्याहून थोडी. त्यामुळे शहरातल्या स्टुडिओत करतात तसं आधी ड्रम, मग गिटार, मग निवांत गाणं, असं आम्हाला परवडणारं नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच खोलीत, एका दमात. मी भूषणच्या ड्रमला जवळजवळ खेटून उभी असायचे. ड्रमवर टांगलेल्या माईकमध्ये माझा आवाज शिरायचा आणि माझ्या माईकमध्ये ड्रम. पंकज एकदा म्हणाला, "ताई, नंतर काही वेगळं करायचं म्हटलं तर जमणार नाही हां, सगळं एकमेकांत गेलंय." मी म्हटलं, "वेगळं करायचंच कशाला?" चौघंही हसलो.

मला त्या अल्बममधून काय हवं होतं ते स्पष्ट सांगते, कारण नंतर लोकांनी मला बरंच काही हवं होतं असं ठरवलं. प्रसिद्धी नको होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हळदीत, दुसऱ्यांच्या डोहाळजेवणात, शाळेच्या स्वागतगीतात मागच्या रांगेत गायले आहे. एकदा, कुठेतरी, माझा आवाज माझ्या नावासकट ठेवलेला असावा, एवढंच. मी मेल्यावरही कुणी बटण दाबलं तर मी गावं. हे फार मोठं मागणं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

त्या मे महिन्यात मध्येच एकदा वादळ झालं. तापीकाठच्या कितीतरी बागा एका संध्याकाळी आडव्या झाल्या, पंकजचीही झाली. घड कापणीला आलेले, झाडं भाराने आधीच वाकलेली. वारा आला आणि सगळं एकाच दिशेला निजलं. सकाळी आम्ही सगळे बागेत गेलो. चिखलात, फाटलेल्या पानांत पंकज एकटाच एका झाडाला मिठी मारून ते उभं करत होता. सोडलं की ते पुन्हा पडायचं. तो त्या झाडाशी बोलत होता, "उभी राह्य नं माय, उभी राह्य." आम्ही तिथे आहोत याचंही त्याला भान नव्हतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आपल्याकडे ते जमत नाही. म्हणून घरी येऊन मी गाणं लिहिलं.

"उभी राह्य माय, उभी राह्य. वारा काय रोज येत नाय." असं ते धृपद. बाकीची कडवी त्या झाडाची आहेत, त्याला कुणी मिठी मारली त्याची, आणि ज्याला मिठी मारूनही उभं करता येत नाही त्याची. आम्ही बोलतो त्याच भाषेत लिहिलं. पुस्तकी केलं असतं तर पंकजला ते आपलं वाटलं नसतं. लाईट गेली, मी ते पहिल्यांदा गायले, आणि गिटार वाजवता वाजवता पंकज रडत होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय हा बँड म्हणजे नुसता गोंगाट हाय." संध्याकाळी त्याने बुधवाऱ्यातल्या दुकानातून माव्याची गरम जिलेबी आणली, आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. अल्बमचं नाव भूषणने सुचवलं, "लाईट गेली". दुसरं काही नाव असूच शकत नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पंकज मिक्सिंगसाठी म्हणून इंदूरला जाऊ-येऊ लागला. मी विचारायचे, काय झालं रे? तो म्हणायचा, "चाललंय ताई, एक म्युझिक कंपनी मागे लागलीय, बघू." दिवाळी गेली. थंडीत त्याचं येणं कमी झालं. भूषणला विचारलं की तो मोबाईलमध्ये डोकं घालायचा. मला वाटलं, प्रेमात वगैरे पडला असेल. बहीण म्हणून मी मनातल्या मनात मुलीची चौकशीही सुरू केली होती, म्हणजे माझ्या भोळेपणाची हद्द बघा.

संक्रांतीनंतरची गोष्ट. स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. हिंदी शिकवणाऱ्या तिवारी मॅडम माझ्याकडे फोन घेऊन आल्या. "मैडम, ये सुनो. अपने बुरहानपुर के लड़कों ने बनाया है. मराठी में है, आपको समझेगा." त्यांनी एक इअरफोन माझ्या कानात घातला.

गिटार सुरू झाली आणि मी हसले. वाटलं, आलं, शेवटी आलं. मग गाणं सुरू झालं आणि तो आवाज माझा नव्हता. गोड होता. कोवळा, धुतल्यासारखा स्वच्छ, "राह्य" नीट म्हणता न येणारा. ती मुलगी "उभी राहा माय" म्हणत होती आणि तिला कुठेही दम लागत नव्हता. मी तिवारी मॅडमचा फोन हातात घेऊन खाली लिहिलेली नावं वाचली. संगीत, पंकज. ड्रम, भूषण. गायिका कुणीतरी. आणि शब्द, पारंपरिक.

पारंपरिक! मी जिवंत आहे, मला सर्दी होते, मी वीजबिल भरायला रांगेत उभी राहते, आणि मी पारंपरिक झाले होते. तिवारी मॅडम म्हणाल्या, "अच्छा है ना? पुराना लोकगीत है शायद." मी हो म्हटलं. काय म्हणणार?

पण त्याहून विचित्र गोष्ट पुढे होती. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्या गोड आवाजाच्या खाली मला काहीतरी ऐकू आलं. भिंतीपलीकडून यावं तसं. मी इअरफोन दाबून धरला. ती मीच होते. ड्रमच्या आत, झांजांच्या मागे, बारीक, पण मीच. मला घासून पुसून काढलं होतं आणि तरी थोडी राहिले होते.

घरी गेले. भूषण एकटाच जेवत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याला गाणं ऐकवलं. त्याने घास खाली ठेवला. तेवढ्यावरूनच मला कळलं की तो हे पहिल्यांदा ऐकत नाहीये.

"केव्हापासून माहितीये तुला?"

"ताई, मी सांगनारच होतो..."

"केव्हापासून?"

"पितरपाठापासून." तो ताटाकडे बघत म्हणाला. "कंपनीवाले बोले की आवाज में उमर दिखती है. पंकजने खूप समजावलं त्यांना, खरंच. मंग ते बोले, गाना अच्छा है, आवाज बदलो, नाहीतर राहू द्या. पंकज बोलला की ताईला मी सांगीन. मी म्हटलं, तो सांगेल. तो म्हटला, भूषण सांगेल."

"आणि मी आत कशी राहिले?"

"ड्रमच्या माईकमध्ये हाय नं तू. त्यांना आपल्या खोलीतला ड्रमचा आवाज लई आवडला. दुसरीकडं वाजवून बघितला, तसा येतच नाही. ड्रम काढला त् सगळं पडतं, ठेवला त् तू राहते. मंग त्यांनी तिचा आवाज मोठा केला."

मी विचारलं, "आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

तो म्हणाला, "तू चिडली असती."

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी दिवस भांडी घासताना, वर्गात फळा पुसताना उलटंसुलटं करून पाहिलं. मी चिडेन हे त्याला माहीत होतं, म्हणजे हे चिडण्यासारखं आहे हेही त्याला माहीत होतं. त्याला सगळं माहीत होतं. तरी तो रोज माझ्या हातचं जेवत होता, "ताई, भाजीत मीठ कमी हाय" म्हणत होता, माझ्या स्कूटीत पेट्रोल भरून आणत होता. पितृपक्षापासून संक्रांतीपर्यंत. कंपनीचं मला काही वाटत नाही. ती माणसं मला ओळखत नाहीत. त्यांनी एक आवाज ऐकला, तो त्यांना जुना वाटला, विषय संपला. पंकजचं वाटतं. पण भूषणचं जे वाटतं त्याला माझ्याकडे शब्दच नाही, आणि मी शब्द लिहिणारी बाई आहे. लहानपणी त्याला ताप आला की मी त्याला गाऊन झोपवायचे. माझा आवाज काढून टाकला तर खाली काय उरतं हे जगात एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं.

राहुलचा फोन आला होता. त्याचाही बास काढून दुसऱ्या कुणाचा घातला होता, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "तुला काही वाटलं नाही?" तर तो अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, त्याने माझ्यापेक्षा भारी वाजवलंय नं." धन्य तो. मला त्याचा हेवा वाटतो. मी ते गाणं कितीदा ऐकलं, त्या मुलीत खोट काढायला ऐकलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती वाईट गात नाही. फक्त ती बाग तिने पाहिली नाही.

गाणं चाललं. लग्नात वाजलं, रिक्षात वाजलं, केळीच्या ट्रकमध्ये वाजलं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुली त्यावर हिरव्या साड्या नेसून नाचल्या आणि मी पडदा ओढायला उभी होते. दर वेळी मी खालचा आवाज शोधायचे. लोकांना तो ऐकू येत नाही, मी विचारून पाहिलंय. आम्हाला जसे लूम ऐकू येत नाहीत तसंच ते असावं.

आणि आता पुन्हा मे. पुन्हा तारांची कामं, पुन्हा पेपरात राजपुऱ्याचं नाव, पुन्हा माळ्यावर बिबडे. मागच्या आठवड्यात पंकज आला. इतक्या महिन्यांनी. दारात चप्पल काढून, आईच्या पाया पडून, खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसला. तो बारीक झालाय. आई त्याला बिबडे देऊन आत चहा करायला गेली, आणि त्याने ते हातात तसेच धरून ठेवले.

"ताई, रविवारी शाळेच्या मैदानावर प्रोग्राम हाय. गावातला पहिलाच."

"पोस्टर पाहिलं मी."

"प्रॅक्टिस करून राहिलो आम्ही. ती गाणारी मुलगी इंदूरहून आलीय. पण गाणं..." त्याने हातातल्या बिबड्याकडे पाहिलं. "गाणं उभं नाही राहत, ताई. सगळं बरोबर हाय, पण पोकळ वाटतं. मंग भूषणच्या ध्यानात आलं. खाली तुम्ही नाही नं."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तुम्ही या. मागे, ड्रमच्या जवळ उभं राहायचं. जोरात नाही गायचं. फक्त खाली, अल्बममध्ये हाय तेवढंच. एक माईक ठेवू तुमच्यासाठी."

"पोस्टरवर नाव?"

"पोस्टर त् छापून झाले, ताई."

"आणि स्टेजवरून सांगणार? की शब्द कुणाचे?"

तो बिबड्याचा तुकडा मोडत म्हणाला, "पारंपरिक त् कंपनीने लिहिलं, ताई. मी बोललो होतो त्यांना. आन् 'उभी राह्य माय' ही ओळ त् मीच म्हटली होती नं बागेत. तसं बघितलं त्..."

"तू झाडाला म्हटली होतीस. मी तुझ्यासाठी लिहिली."

त्याचे डोळे भरून आले. त्याचे डोळे लवकर भरतात, हे मी विसरले होते. पूर्वी मला त्यामुळे तो फार चांगला मुलगा वाटायचा. मी म्हटलं, "नाही येणार, पंकज. पुढे उभी करणार असशील तर ये घ्यायला. मागे उभी राहायला नाही येणार." जाताना आईला म्हणाला, "काकू, बिबडे मस्त झाले." त्याने एकही खाल्ला नव्हता.

तो गेल्यावर मला खूप दिवसांनी बरं वाटलं. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतके महिने माझ्या बाबतीत सगळं माझ्या पाठीमागे झालं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी समोर येऊन विचारलं होतं आणि मी नाही म्हणू शकले होते. माझा आवाज मी दिला नाही, असं स्वतःशी म्हणताना मान जरा ताठ व्हायची. भूषण त्या आठवड्यात माझ्याशी दबकून वागत होता. रविवारी निघताना दारात घुटमळला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "नीट वाजव."

संध्याकाळी मी आणि आई माळ्यावर बिबडे गोळा करत होतो. मैदान तिथून दिसत नाही, पण हवा तिकडून येत होती, स्पीकरचा आवाज गल्लीत बसल्यासारखा स्वच्छ येत होता. रविवार, त्यात प्रोग्राम. लूमवाल्यांनीही लवकर बंद केलं होतं. गाणी एकामागून एक झाली. मग ती गिटार आली. लोकांनी ओरडा केला. मी हातातला पातळ बिबडा मोडू नये म्हणून फार सांभाळून उचलत होते. ती मुलगी गायला लागली, आणि मी मनाशी म्हटलं, आता कळेल सगळ्यांना. आता पोकळ वाटेल.

पोकळ वाटलं नाही.

आधी मला वाटलं कानाला भास होतोय. मग एका कडव्यानंतर, जिथे गिटार थांबते आणि नुसता ड्रम राहतो, तिथे मी आले. भरदार, उघडी, स्पीकरएवढी मोठी. तिसऱ्या ओळीत मध्येच एक श्वास आहे. त्या दिवशी उकाड्याने जीव घाबरा झाला होता आणि मी शब्द अर्धा तोडून हवा घेतली होती. तो श्वास सगळ्या मैदानावर गेला. त्यांनी लॅपटॉपवरून आमच्या खोलीत रेकॉर्ड केलेला जुना ड्रम, माझ्या आवाजासकट, लावला होता. मला विचारायची खरं म्हणजे गरजच नव्हती. मी नाही म्हटलं काय आणि हो म्हटलं काय, माझा आवाज त्यांच्याकडे होताच. आणि स्टेजवर लॅपटॉप ड्रमजवळ असतो, म्हणजे बटण कुणी दाबलं हेही मला कुणी सांगायला नको.

आई हातातलं टाकून उभी राहिली. ती कठड्याकडे गेली, मैदानाकडे तोंड करून ऐकू लागली. तिला अल्बम, कंपनी, पारंपरिक, यातलं काही माहीत नाही. भूषणला घरात अन्न गोड लागावं म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा असा फुलला की मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"तुझाच आवाज हाय नं व हा!" ती म्हणाली. "मी म्हनतच होते, पंकज काही तुले इसरनारा पोरगा नाही." खालून टाळ्यांचा लोट आला. आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं, आणि तिला काही उमजेना.

"लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवून राहिले, आन् तू इथं काय करून राहिली?"